भीती शोधणाऱ्या बाई

दोन वर्षांपूर्वी, जूनच्या मध्यावर, परीक्षा तोंडावर आलेली असताना बाईंनी 'भावना ओळखणे' हा भाग शिकवणं बंद केलं. कारण सांगितलं नाही. त्या वर्षी त्यांच्याकडे एकच विद्यार्थिनी होती, ईरा. तिला कारण माहीत नव्हतं. घरातल्या बाकी तिघांना, म्हणजे बाईंना, त्यांच्या यजमानांना आणि मला, ते माहीत होतं.

परीक्षा ऑस्ट्रियातल्या वैद्यकीय प्रवेशाची. जर्मनीत डॉक्टर व्हायचं तर शाळेच्या शेवटच्या परीक्षेत, आबिटूरमध्ये, जवळजवळ पूर्ण गुण लागतात. ज्यांचे थोडक्यात हुकतात त्यातली बरीच मुलं सीमा ओलांडून इन्सब्रुकला ही परीक्षा देतात. ती वर्षातून एकदाच, जुलैच्या सुरुवातीला होते. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित असतंच. त्याशिवाय एक भाग मानसशास्त्र आणि समाजशास्त्रावर बेतलेला असतो. एका माणसाचा प्रसंग दिलेला असतो आणि खाली पाच भावना. प्रत्येकीपुढे 'शक्य' किंवा 'अशक्य' अशी खूण करायची. दुसऱ्या प्रकारात, 'सामाजिक निर्णय'मध्ये, एक पेच असतो आणि पाच कारणं. ती महत्त्वाप्रमाणे वरून खाली लावायची. 'आईबाबांना काय वाटेल' हे कारण आपल्या घरांतली मुलं पहिल्या फटक्यात सगळ्यात वर लावतात. अपेक्षित उत्तरात ते बरंच खाली असतं. मराठी आईवडील मुलांना बाईंकडे पाठवायचे ते याच भागासाठी, आणि पहिल्या महिन्यात जरा नाराज व्हायचे तेही याच भागामुळे.

बाई मूळच्या अमरावतीच्या. समाजशास्त्र शिकायला तरुणपणी जर्मनीत आल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं आणि निवृत्त होईपर्यंत एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात होत्या. डॉक्टरांचं बोलून झालं की रुग्णाच्या नातेवाइकांजवळ बसायचं, हे त्यांचं काम. एर्लांगेनच्या पूर्वेला, जंगलाच्या कडेला त्यांचं घर होतं. यजमानांना त्या 'अहो' म्हणत. हे आपलं मराठीतलं नाव आहे असं यजमानांना लग्नानंतर बरीच वर्षं वाटत होतं. खरं कळल्यावरही त्यांनी ते बदलू दिलं नाही.

मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. पुण्यात वर्तमानपत्रात काही वर्षं काढून इथल्या विद्यापीठात शिकायला आले होते. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला कामाला लावलं. शिकवणीत प्रसंग मोठ्याने वाचायचे.

"आवाजात काही आणू नकोस," त्या म्हणाल्या. "आग लागली, चार गाड्या आल्या, असं वाच. रडायचं का, ते मुलांना ठरवू दे."

'कशी आहेस?' असं बाई कुणालाच विचारत नसत. 'सध्या कशाची भीती वाटते?' असं विचारत. पोस्टमनला विचारत, दातांच्या डॉक्टरला विचारत, हीटर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही विचारत. जर्मन माणसं बहुतेक वेळा उत्तर देत. आपली माणसं हसून विषय बदलत.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर हळदीकुंकवाला गेले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. बाईंनी वाण हातात घेतलं आणि यजमानीणबाईंना विचारलं, "काय गं, सध्या कशाची भीती वाटते?"

"बाई, मला तर तुमचीच वाटते," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिळगुळाची वडी तोंडात टाकली आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. कोपऱ्यात बसलेली एक तरुण बाई, जिला कुणी विचारलंही नव्हतं, म्हणाली, "यांच्या डिपार्टमेंटमध्ये माणसं कमी करतायत. आमचं घर आत्ताच घेऊन झालंय." दाराशी कुणाची तरी मुलगी जर्मनमध्ये आईला विचारत होती, घरी कधी जायचं. बाई जाऊन त्या तरुणीशेजारी बसल्या. घरी परतताना बसमध्ये मला म्हणाल्या, "ती मघापासून पदराचे गोंडे मोजत होती. तुला दिसलं नाही?" मला दिसलं नव्हतं.

स्वतःच्या भीतीची त्यांना लाज नव्हती. लिफ्टची भीती वाटायची, म्हणून त्या सगळीकडे जिन्याने जात. केलरची, म्हणजे स्वतःच्याच घराच्या तळघराची, भीती वाटायची. तिथले बटाटे यजमान आणत. पत्त्यापुढे खिडकी असलेलं सरकारी पाकीट आलं की ते त्या दोन दिवस फ्रीजवर ठेवत आणि मग दुसऱ्या कुणाला उघडायला लावत. बहुतेक वेळा ते कचऱ्याच्या पिंपाबद्दल असे.

शिकवणीची पद्धतही तशीच. पुस्तक उघडण्याआधी त्या मुलांना बसथांब्यावर नेत. दहा मिनिटं उभं राहायचं आणि समोरच्या माणसाबद्दल पाच भावना ठरवायच्या. "तो रागावलाय असं तुम्हाला वाटतंय," एकदा त्या एका सूट घातलेल्या माणसाकडे पाहत म्हणाल्या. "राग नाही तो. त्याने फोन खिशातून काढला, पाहिला नाही, परत ठेवला. आधी भीती शोधायची. ती सापडली नाही, तर मग बाकीच्या." तो माणूस आमच्याकडे पाहू लागला. बाईंनी त्याला हात केला.

एक नियम मात्र कडक होता. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे कुठलाही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. "माहीत नाही, हे उत्तर पर्यायांत नाहीये," असं त्या म्हणत. त्यांच्या स्वयंपाकघरात कुणी 'माहीत नाही' म्हटलं, तर यजमानसुद्धा मान हलवत.

ईरा त्यांच्याकडे जानेवारीत आली. जन्म इथलाच, वय एकोणीस. घरी मराठी समजायची, उत्तर मात्र जर्मनमध्ये द्यायची. तिचं बोलणं मी इथे मराठीत दिलं आहे. आदल्या वर्षी ती ही परीक्षा देऊन आली होती आणि थोडक्यात राहिली होती. या वर्षी राहिलं तर डॉक्टर होण्याचा विचार सोडायचा, असं घरात ठरलं होतं. तिने ते स्वतःच ठरवलं होतं, असं तिची आई सांगे.

मेच्या शेवटी तिचे आईवडील ईराला न सांगता बाईंकडे आले. मी चहा करत होते. मला कुणी बाहेर जायला सांगितलं नाही. वडील सॉफ्टवेअरमध्ये होते, गप्पिष्ट, प्रत्येक वाक्यामागे एक विनोद ठेवणारे. त्यांच्या पोटात गाठ निघाली होती. कसली, ते काढल्यावरच कळणार होतं. जूनच्या मध्यापासून त्यांना गावातल्याच क्लिनिकमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात, दाखल व्हायचं होतं. आधी तपासण्या आणि काही उपचार, मग ऑपरेशन. ऑपरेशनचा आठवडा परीक्षेचाच आठवडा होता.

"परीक्षा होईपर्यंत तिला कळता कामा नये," आई म्हणाली.

"मी ड्रेस्डेनला प्रोजेक्टवर जाणार," वडील म्हणाले. "तिथे चिपच्या फॅक्टऱ्या आहेत, कुणाला शंका येणार नाही. एक मित्र आहे तिथे, तो रोज नदीचा एक फोटो पाठवणार आहे. मी तो पुढे ढकलणार. बघा, आजारपणातसुद्धा काम आउटसोर्स केलंय."

आई हसली नाही. ईराने शेवटचे तीन आठवडे बाईंच्याच घरी राहावं, असं तिला हवं होतं. घरी राहिली तर तिच्या लक्षात येईल.

बाईंनी विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"ती नापास होईल याची."

"ही एक झाली. दुसरी?"

आईने कपात पाहिलं. वडीलच म्हणाले, "बाई, ती दुसरी जुलैत बघू."

बाईंनी आपला कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "मी सांगणार नाही. पण मला विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही."

"तुम्हाला कशाला विचारेल ती?" आई म्हणाली.

हे आपल्याकडे नवीन नाही. परीक्षेच्या दिवसांत गावाकडून आलेला फोन मोठी माणसं दुसऱ्या खोलीत घेतात. पेपर संपल्यावर मुलाला बसवून सांगतात. मुलंही मोठी झाली की आपल्या मुलांशी तसंच वागतात. बाईंना ते पूर्ण माहीत होतं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही असंच करायचे," आणि कप उचलून बेसिनकडे गेल्या.

ईरा बॅग घेऊन माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आली. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखा 'भावना ओळखणे'चा संच घेतला. मी वाचला. एक मध्यमवयीन माणूस मुलीच्या वाढदिवसाला फोनवर जास्त हसतो आणि लवकर फोन ठेवतो. ईराने एका क्षणात खुणा केल्या. भीती, शक्य. पाचही बरोबर. ती हसून म्हणाली, "बाबा पण हल्ली असेच बोलतात."

बाईंनी संच मिटला. "आज रसायन," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून तो भाग झालाच नाही. नंतर 'सामाजिक निर्णय'ही थांबला, कारण पहिलाच पेच एका डॉक्टरचा निघाला. रुग्णाच्या घरचे त्याला सांगतात की रुग्णाला खरं सांगू नका. मी पहिलं वाक्य वाचल्यावर बाईंनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं. मग उरलं ते पाठांतर. ज्या भागासाठी ईरा आली होती, तो सोडून बाकी सगळं. बाईंना रसायनशास्त्र येत नव्हतं. ईरा एकटी सोडवायची आणि बाई समोर बसून उत्तरं पाहून टिक करायच्या.

यजमानांना खोटं वागता येत नसे. ईरा समोर आली की ते लाल होत. बाईंनी त्यांना दिवसा बागेत राहायला सांगितलं. त्या जूनमध्ये त्यांनी कुंपण दोनदा रंगवलं. ईरा त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणायची. एकदा खिडकीतून पाहत ती म्हणाली, "ओपा त्याच फळीवर परत आले." बाई म्हणाल्या, "गेनाऊ, बरोबर. पहिला हात वाळला असेल." तसं म्हणताना त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही.

वडिलांचे फोटो रोज येत. नदी, पूल, परत नदी. व्हिडिओ कॉल मात्र होत नव्हता. हॉटेलचं नेट वाईट होतं. ईराने एकदा विचारलं, "ड्रेस्डेनमध्ये चिप बनवतात आणि हॉटेलमध्ये नेट नाही?" वडिलांनी उत्तरादाखल एक हसरा चेहरा पाठवला. ती तो चेहरा मोठा करून पाहत बसली. मग तिने फोन उलटा ठेवला.

क्लिनिकवर रुग्ण घेऊन येणारं हेलिकॉप्टर बाईंच्या घरावरून जायचं. एरवी कुणाच्या ध्यानात येत नसे. त्या आठवड्यांत ते आलं की बाई वाक्य अर्धं सोडत आणि आवाज पुरता गेल्यावर दुसरंच वाक्य सुरू करत. फोन वाजला की त्या स्वतः उठत नसत. मला खूण करत. त्यांनी पोस्टमनलाही नेहमीचा प्रश्न विचारणं सोडलं होतं. रात्रीचं जेवण आम्ही चौघं जवळजवळ न बोलता उरकायचो. पानात वाढताना बाईंचा हात ईरापाशी थोडा जास्त थांबायचा. एकदा भाजी तीनदा वाढून झाली, तेव्हा ईराने ताटावर हात धरला आणि त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी डाव खाली ठेवला.

परीक्षा शुक्रवारी होती. ऑपरेशन मंगळवारी. सोमवारी दुपारी ईरा स्वयंपाकघरात आली आणि पुस्तकं न उघडता टेबलाशी बसली.

"आज भावना घेऊ," ती म्हणाली.

"ते तुला येतं," बाई म्हणाल्या.

"एकच. प्रसंग मी सांगते. ताईने वाचायची गरज नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ईराने परीक्षेतल्यासारख्याच सपाट आवाजात सुरुवात केली.

"एक निवृत्त बाई शिकवणी घेते. एक भाग ती सगळ्यात चांगला शिकवते. परीक्षा जवळ आल्यावर तोच भाग ती बंद करते. हेलिकॉप्टर आलं की ती बोलायची थांबते. तिचा नवरा मुलीशी बोलायला लागू नये म्हणून एकच कुंपण रंगवतो. मुलीला ती तीनदा भाजी वाढते. अभिमान?"

"अशक्य," बाई म्हणाल्या.

"कंटाळा?"

"अशक्य."

"मत्सर?"

"अशक्य."

"अपराधीपणा?"

बाईंना वेळ लागला. "शक्य."

"भीती?"

बाहेर यजमानांच्या ब्रशचा आवाज येत होता, तो थांबला. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं असावं.

"आजी, रिकामं सोडायचं नाही," ईरा म्हणाली. पुढे तिचा सपाट आवाज टिकला नाही. "बाबा ड्रेस्डेनला नाहीयेत ना?"

बाई उठल्या. त्यांनी ना होय म्हटलं, ना नाही. दाराशी जाऊन सायकलचं हेल्मेट घातलं. पट्टा ईराने लावून दिला. मला त्या म्हणाल्या, "हिच्या आईला फोन कर. आम्ही येतोय म्हणून सांग. विचारू नकोस, सांग."

मी फोन केला. आई म्हणाली, "त्यांना थांबव." त्या दोघी तोवर रस्त्याला लागल्या होत्या. मीही सायकल काढली.

क्लिनिकमध्ये लिफ्टपाशी ईराने बटण दाबलं. लिफ्ट यायच्या आधीच बाई जिन्याकडे वळल्या. ईराही त्यांच्यामागे जिन्याने चढली. मी लिफ्टने वर पोचले, तेव्हा आई कॉरिडॉरमध्ये उभी होती. दोघी जिन्यातून बाहेर आल्या. बाईंना धाप लागली होती. आईने ईराला जवळ घेतलं नाही. खोलीच्या दाराकडे नुसता हात केला. ईरा आत गेली. दार अर्धं उघडं राहिलं होतं.

"अगं, तू इथे कशी?" वडिलांचा आवाज आला. "मी तर ड्रेस्डेनला आहे."

नंतर ईराचं रडणं ऐकू आलं. वडील मराठीत तिला काहीतरी सांगत होते आणि ती पहिल्यांदाच मराठीत उत्तर देत होती. शब्द कळत नव्हते.

बाहेर आई बाईंना म्हणाली, "चार दिवस, बाई. फक्त चार दिवस थांबायचं होतं."

"मी सांगितलं नाही. तिने ओळखलं."

"ओळखायला शिकवलं कुणी?"

भिंतीशी खुर्ची होती, तिच्यावर बाई बसल्या. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं. थोड्या वेळाने आईच म्हणाली, "मला दोन्हींची भीती वाटत होती. तुम्ही विचारलं होतं ना, दुसरी कुठली. मला ती उच्चारायची नव्हती." मग ती खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

मंगळवारी ऑपरेशन झालं. ईरा सकाळपासून क्लिनिकमध्ये होती. गाठ चांगली नव्हती. ते डॉक्टरांनी ईराच्या समोर सांगितलं, कारण ती बाहेर जायला तयार नव्हती. गुरुवारी दुपारच्या गाडीने ती म्युनिकमार्गे इन्सब्रुकला गेली. बाईंनी स्टेशनवर यायचं म्हटलं होतं. ईराच्या आईने नको म्हणून निरोप दिला. शुक्रवारी ईराने परीक्षा दिली.

निकाल ऑगस्टमध्ये लागला. ईराची निवड झाली नाही. 'ऐन वेळी बाईंनी पोरीचं चित्त उडवलं,' असं आई ओळखीच्यांत म्हणाली आणि ते सगळीकडे पोचलं. ईराने विभागवार गुण मला फोनवर दाखवले. भावना ओळखण्याच्या भागात तिचा जवळजवळ एकही गुण गेला नव्हता. गुण गेले होते रसायनशास्त्रात. हे मी एक-दोघांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

गणपतीत बाई मंडळाच्या हॉलवर आल्या. एका बाईला त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "काही नाही हो, सगळं मस्त," ती म्हणाली आणि प्रसादाची प्लेट उचलून दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. पुढच्या वर्षासाठी दोन घरांनी बाईंकडे आधीच बोलून ठेवलं होतं. दोन्हींनी मुलांना ऑनलाइन क्लास लावला. शिकवणी बंद केली असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. फक्त कुणी आलं नाही. मी त्या हिवाळ्यात कामासाठी दुसऱ्या शहरात गेले. निघताना त्यांनी मला विचारलं, कशाची भीती वाटते. मी विचार करून सांगितलं. त्या खाली वाकून माझ्या बॅगेची चेन लावत होत्या. "ही रास्त आहे," त्या म्हणाल्या.

ईराने वुर्झबुर्गला जीवशास्त्राला प्रवेश घेतला. तिच्या वडिलांची केमोथेरपी वर्षभर चालली. मध्ये काही महिने ते कामावरही गेले. यंदा त्यांचा त्रास परत सुरू झाला आणि मार्चमध्ये त्यांचं दुसरं ऑपरेशन झालं. ऑपरेशनची तारीख ईराच्या आईने तिला आदल्या आठवड्यात स्वतः फोन करून सांगितली. ईराची सेमिस्टरची परीक्षा तेव्हा चालू होती.